आधी नमुने, मग सल्ले, शेवटी औषध

ग्रामीण भागातल्या आनुवंशिक रक्तविकारांवरचा सरकारी किंवा वैद्यकीय मजकूर वाचायला घेतला, की अज्ञानाचा उल्लेख पहिल्या पानावरच भेटतो. आदिवासींना या आजाराची माहिती नाही, ते पुजाऱ्याकडे किंवा भगताकडे जातात, नात्यात लग्ने करतात, म्हणून त्यांच्यात जनजागृती करायला हवी, असा हा ठरलेला युक्तिवाद. पूर्व विदर्भ आणि सातपुड्यातल्या सिकलसेलचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास क्रमाने मांडून पाहिला, तर या युक्तिवादाचा पायाच डळमळतो. गावाच्या रक्ताबद्दलची माहिती 1950 च्या दशकातच गोळा झाली होती. ती लंडनच्या नियतकालिकात छापून आली, पाठ्यपुस्तकांत शिरली, परिषदांत वाचली गेली. ज्यांच्या बोटाला सुई टोचून ती मिळवली, त्यांच्यापर्यंत ती यायला पुढची तीन-चार दशके लागली. आली तीही औषध म्हणून आली नाही. लग्न कोणाशी करू नये, हे सांगत आली. गावाने या माहितीकडे पाठ फिरवली असेल, तर त्याचे कारण अज्ञानात शोधण्याआधी या क्रमात शोधावे लागते.

आजाराची यंत्रणा थोडक्यात सांगता येते. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्या एका बदलाने, प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी आपला गोल, लवचीक आकार सोडून विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही पेशी जेमतेम दोन-तीन आठवडे. सदोष जनुक एकाच पालकाकडून आले, तर माणूस वाहक असतो आणि सहसा काहीच त्रास न होता आयुष्य काढतो. दोघांकडून आले, तर तो रुग्ण असतो.

रुग्णाची लक्षणे काही लपून राहणारी नाहीत. सहा महिन्यांचे बाळ असतानाच हातापायाचे पंजे सुजतात. डोळे पिवळे पडतात, पानथरी वाढते, ताप येत राहतो. मोठेपणी रोवणीच्या दिवसांत गार पाण्यात उभे राहिले, किंवा मे महिन्यात तेंदूपाने तोडताना अंगातले पाणी आटले, की हाडे फुटल्यासारख्या वेदना उठतात. दर शंभरात पंधरा-वीस वाहक असलेल्या गावात अशी मुले पिढ्यान् पिढ्या जन्मत आली असणार. ती एखाद्याच घरात का जन्मतात, एकाच आईची दोन मुले धडधाकट आणि तिसरे अंथरुणाला खिळलेले असे का, हे प्रश्न त्या गावाला कधी पडलेच नसतील असे मानणे कठीण आहे. गावाकडे नव्हते ते रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याचे साधन. ते ज्यांच्याकडे होते, त्यांनी काय केले ते आता पाहू.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी 1910 साली ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातल्या या विचित्र पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूचाच आजार असल्याचे दाखवले, आणि त्याच वर्षी जेम्स नील यांनी तो दोन्ही पालकांकडून कसा येतो हे मांडले. तोवर हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचा आजार मानला जाई. 1952 मध्ये हर्मन लेहमन आणि मेरी कटबुश यांना निलगिरीतल्या आदिवासींच्या रक्तात त्याचे वाहक सापडले, तेव्हा शास्त्रज्ञांचे कुतूहल जागे झाले. पण ते कुतूहल कशाबद्दलचे होते? आफ्रिका, अरबस्तान आणि दक्षिण भारत यांच्यात प्राचीन काळी लोकांची ये-जा झाली होती का, या आदिवासींचा 'वंश' कोणता, याबद्दलचे. लेहमन यांचा 1954 चा एक लेख पूर्व आफ्रिकी लोकांचे मूळ शोधण्यासाठी या जनुकाचा आधार घेतो, आणि तो छापून आला सुप्रजननाला वाहिलेल्या नियतकालिकात. आजारी मूल त्या चर्चेत जवळपास नाहीच. रक्त ही एक मानववंशशास्त्रीय खूण होती, कवटीच्या मापासारखी.

महाराष्ट्रातले काम याच वाटेने सुरू झाले. 1956 साली मुंबईच्या सुकुमारन, संघवी आणि व्यास यांनी पश्चिम भारतातल्या काही आदिवासी जमातींमधल्या वाहकांची नोंद प्रसिद्ध केली. 1958 मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांचा नागपूरचा अहवाल 'लॅन्सेट'मध्ये आला. मध्य भारतातल्या सिकलसेलची वैद्यकीय कहाणी तिथून सुरू होते असे मानतात. नागपूरच्या या आणि पुढच्या अभ्यासांत महार समाजाचे नाव ठळकपणे येते. वर्षे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. ऑक्टोबर 1956 मध्ये त्याच नागपुरात दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी जन्माने चिकटलेले नाव टाकून धम्म स्वीकारला. दोन वर्षांच्या आत तेच नाव रक्ताच्या तक्त्यावरचा मथळा होऊन परत येऊ लागले. संशोधकांचा हेतू वाईट होता असे म्हणायचे कारण नाही. जातीनिहाय मोजणी ही तेव्हाची रूढ पद्धत होती. पण 'अमुक जातीच्या रक्तात दोष' हे वाक्य वैद्यकीय ग्रंथात काय करते आणि गावाच्या पारावर काय करते, यांतला फरक त्या पद्धतीला दिसत नव्हता.

जातीच्या याद्या करणे ही शास्त्रीय गरजच नव्हती का, असा प्रतिप्रश्न इथे रास्त आहे. साधने तुटपुंजी असतील तर ज्या समाजांत प्रमाण जास्त, तिथे आधी शोध घ्यायचा, यात गैर काय? उत्तर असे, की यादी उपयोगाची होती, पण ती अपुऱ्या कारणासह छापली गेली. अँथनी ॲलिसन यांनी 1954 सालीच पूर्व आफ्रिकेतल्या पुराव्यावरून दाखवून दिले होते, की या जनुकाच्या वाहकाला फाल्सिपेरम हिवतापापासून संरक्षण मिळते. म्हणजे हे जनुक कोणत्या जातीच्या रक्तातला कमीपणा नाही. हिवतापाच्या रानात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसांनी जगण्यासाठी मोजलेली ती किंमत आहे. जंगलाच्या कडेला, तळ्याकाठच्या धानपट्ट्यात जो राहिला, त्याच्यात ते टिकले. नागपूरच्या यादीबरोबर हे स्पष्टीकरण गावात गेले असते, तर तिचा अर्थ पालटला असता. गेली ती नुसती यादी. तिचा दुसरा तोटा उलट्या बाजूने झाला. कुणबी, तेली आणि इतर समाजांतही वाहक आढळतात हे पूर्व विदर्भातल्या अभ्यासांतून दिसत गेले, तरी 'हा आदिवासींचा आणि दलितांचा आजार' ही ओळ वैद्यकीय शिक्षणात घट्ट बसली. यादीत नसलेल्या घरातले मूल पिवळ्या डोळ्यांनी दवाखान्यात आले, की डॉक्टरच्या डोक्यात सिकलसेल येईच असे नाही.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. 1958 साली गावाला सांगून तरी काय उपयोग होता, औषध कुठे होते? हे अंशतः खरे आहे. लहानपणीच्या जीवघेण्या जंतुसंसर्गावर रोजच्या पेनिसिलिनचा उपाय परिणामकारक ठरतो, हे अमेरिकेतल्या चाचणीने सिद्ध झाले 1986 मध्ये. हायड्रॉक्सियुरियाने वेदनांचे झटके कमी होतात, हे मोठ्या चाचणीतून दिसले 1995 मध्ये. पण औषध नसणे म्हणजे सांगण्यासारखे काहीच नसणे नव्हे. भरपूर पाणी प्यावे, गारठ्यात आणि गार पाण्यात फार वेळ राहू नये, ताप अंगावर काढू नये, फॉलिक ॲसिड घ्यावे, हे सांगता येत होते. त्याहीपेक्षा काय करू नये ते सांगता येत होते. सांधे दुखतात म्हणून संधिवाताचा उपचार, हाड दुखते म्हणून क्षयाचा संशय, रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या, अशी या रुग्णांची वर्षानुवर्षे फरफट झाली. पालेभाज्या खा, असे त्या आईला सांगताना दोष तिच्या चुलीवर ढकलला जात होता. हिमोग्लोबिनच्या सदोष साखळीला मेथीची भाजी काय करणार?

दुर्लक्षाला पुढे एक शास्त्रीय आधारही मिळाला. 1980 च्या दशकात जनुकांचे विश्लेषण करण्याची तंत्रे आली, तेव्हा भारतातले आणि सौदी अरेबियाच्या पूर्व भागातले सिकल जनुक एकाच प्रकारचे असल्याचे दिसले. या प्रकारात गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण मोठेपणीही जास्त राहते, आणि ते पेशी वाकू देत नाही. ओडिशातल्या रुग्णांवरून निष्कर्ष निघाला, की भारतातला सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो. हे चुकीचे नव्हते, पण 'भारतातला' या एका शब्दात फार मोठा मुलूख कोंबला गेला. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी पुढे आपल्याकडच्या मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जनुकाचा प्रकार तोच असूनही आजार पुष्कळदा तीव्र असल्याचे दिसले: वारंवार वेदना, जंतुसंसर्ग, वारंवार रक्त चढवण्याची वेळ. जी मुले निदान होण्याआधीच गेली, ती रुग्णालयाच्या नोंदींत कधी आलीच नाहीत. सौम्यतेच्या निष्कर्षात ही न मोजलेली मुले कुठे बसतात, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

या इतिहासातला सर्वांत बोधक प्रसंग गडचिरोलीचा आहे, आणि तो सांगितला आहे खुद्द त्यातल्या संशोधकांनी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. सुरुवातीच्या वर्षांतच त्यांनी जिल्ह्यातल्या सिकलसेलचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि आजार तिथे मोठ्या प्रमाणावर असल्याचे दाखवले. संशोधन म्हणून ते उत्तम होते. पण लोकांना त्यात रस वाटला नाही. हा आमचा प्रश्न नव्हता, असे लोकांचे म्हणणे पडले. त्यांना भेडसावत होता हिवताप, भेडसावत होते बाळांचे मृत्यू. लोकांवर संशोधन आणि लोकांसोबत संशोधन यांत फरक असतो, हा धडा यातून घेतल्याचे डॉ. बंग यांनी पुढे अनेकदा सांगितले. 'सर्च'चे नंतरचे नाव झाले ते नवजात बालकांच्या घरच्या घरी देखभालीच्या कामामुळे, आणि ते काम लोकांच्या प्रश्नातून निघाले होते.

एखादा कडवा शास्त्रज्ञ म्हणेल, की लोकांना आजाराचे गांभीर्य कळले नाही म्हणून ते असे बोलले, म्हणजे हा अज्ञानाचाच पुरावा झाला. मला तो उलट्या बाजूचा पुरावा वाटतो. ज्या तपासणीनंतर हातात काहीच पडत नाही, तिच्यात वेळ न घालवणे हा व्यवहारी निर्णय आहे. शिवाय लोकांनी बोट ठेवले ते हिवतापावर, म्हणजे ज्याच्यामुळे हे जनुक त्यांच्यात टिकले त्याच आजारावर. सिकलसेलच्या रुग्णाला हिवताप झाला तर तो फार जड जातो. संरक्षण मिळते ते वाहकाला, रुग्णाला नाही. हिवतापाचे काम नीट होणे हा सिकलसेलच्या मुलांसाठीही उपचारच होता. दोन्ही प्रश्न शास्त्राच्या दृष्टीने एकाच धाग्याचे होते, पण सरकारी खात्यांत आणि संशोधन-प्रकल्पांत ते वेगवेगळ्या फायलींत गेले.

गाव आणि प्रयोगशाळा यांच्यामधले अंतर ज्यांनी प्रत्यक्ष पायी तोडले, त्यांची नोंद घेतल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी धुळे-नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, परधान अशा जमातींत दीर्घकाळ तपासण्या केल्या. 2002 मध्ये काटे आणि लिंगोजवार यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालातून महाराष्ट्राचा सिकलसेलचा नकाशा पहिल्यांदा स्पष्ट झाला. त्यानंतर सरकारी कार्यक्रम आले: गुजरातचा 2006 मध्ये, आणि त्याच्या मागोमाग राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून महाराष्ट्राचा, टप्प्याटप्प्याने.

आशा कार्यकर्ती आणि आरोग्यसेवक यांच्या हाती जी तपासणी आली, ती विद्राव्यता चाचणी. रसायनाच्या नळीत रक्ताचा थेंब टाकायचा. द्रावण गढूळ झाले आणि मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर सदोष हिमोग्लोबिन आहे. चाचणी स्वस्त, झटपट आणि शाळेच्या ओसरीवर करता येण्याजोगी. तिची मर्यादा एकच, पण मोठी: वाहक आणि रुग्ण यांत ती फरक करू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा त्याहून महागडे यंत्र लागते, म्हणजे नमुना तालुक्याला किंवा जिल्ह्याला जाणार, अहवाल यायला वेळ लागणार. मधल्या काळात शाळेतल्या मुलीच्या नावापुढे 'पॉझिटिव्ह' एवढाच शेरा असतो. ठणठणीत वाहक आणि अंथरुणाला खिळलेला रुग्ण दोघेही त्या एका शेऱ्यात बसतात. वयात आलेल्या मुलीच्या बाबतीत हा शेरा वर्गाबाहेर किती भरभर जातो, हे वेगळे सांगायला नको.

या चाचणीबरोबर सल्ला आला तो लग्नाचा. दोन वाहकांनी एकमेकांशी लग्न करू नये. पत्रिका जुळवण्याआधी रक्त जुळवा. ही घोषणा भिंतींवर, पत्रकांत, भाषणांत इतकी झळकली, की जनजागृती म्हणजे हीच घोषणा असे समीकरण झाले. पत्रिका जुळवण्याची चाल मुळात कोणाची? गोंडांत चार देव, पाच देव, सहा देव, सात देव मानणारे सगे, म्हणजे कुळगट, असतात, आणि समान देवसंख्येच्या कुळांत लग्न होत नाही. मामा-आत्याच्या मुलांचे लग्न मात्र पसंतीचे. म्हणजे लग्न जुळवण्याचा काटेकोर नियम तिथे आधीपासून आहे. तो बापाच्या कुळाचा हिशेब ठेवतो. जनुक मात्र आईकडूनही येते, त्यामुळे सग्याचा नियम पाळूनही दोन वाहक एकत्र येऊ शकतात, आणि मामाच्या मुलीशी लग्न झाले तर ती शक्यता वाढते. ही गोष्ट गोंडांच्या स्वतःच्या नियमाच्या भाषेत समजावता आली असती, आणि ती भाषा कुळांचा हिशेब ठेवायला सरावलेल्या म्हाताऱ्यांना सहज कळली असती. त्याऐवजी त्यांना पंचांगातली उपमा देण्यात आली.

उपमेचे सोडून देऊ. सल्ला तरी उपयोगी पडतो का? साधा हिशेब करू. गावात दर शंभरात वीस वाहक असतील, तर लग्ने योगायोगाने होत असताना दर शंभर जोडप्यांत चार जोडपी दोन्ही वाहकांची असतील. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता 25 टक्के. म्हणजे गावात जन्मणाऱ्या शंभर मुलांत सरासरी एक रुग्ण. सल्ला तंतोतंत पाळला गेला तर हा एक आकडा शून्यावर येईल, हे खरे. पण त्यासाठी शंभरातल्या वीस निरोगी माणसांनी आपले वाहकपण जाहीर करायचे, आणि लग्नाच्या बाजारात त्याची किंमत मोजायची. ती किंमत मुलगा आणि मुलगी सारखी मोजत नाहीत.

हा प्रयोग जगात एका गावावर होऊन गेला आहे. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या शेतकरी गावात सिकलचे वाहक मोठ्या संख्येने होते. तिथे संशोधकांनी सर्वांच्या तपासण्या केल्या, वाहकांना समजावून सांगितले, लग्न ठरवताना काळजी घ्यायला सांगितले. काही वर्षांनी ते परत गेले. 1974 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की वाहकांवर कलंक बसला होता, काहींनी आपले वाहकपण लपवून लग्ने केली होती, आणि दोन वाहकांच्या लग्नांचे प्रमाण निव्वळ योगायोगाने झाले असते तेवढेच राहिले होते. ज्या गावावर हे गुदरले, ते अडाणी गाव नव्हते; त्याला सगळे समजावले गेले होते. अमेरिकेत 1972 च्या कायद्याने कृष्णवर्णीयांच्या तपासण्यांना जोर आला, आणि वाहक व रुग्ण यांतला फरक न समजलेल्या विमा कंपन्यांनी व मालकांनी निरोगी माणसे नाकारली. हवाई दलाच्या अकादमीचे दार वाहकांना 1981 पर्यंत बंद होते. नंदुरबार-गडचिरोलीचे कार्यक्रम आखले गेले तेव्हा हा सगळा इतिहास छापील स्वरूपात उपलब्ध होता.

सायप्रसचे उदाहरण याविरुद्ध नेहमी पुढे केले जाते. तिथे 1980 च्या दशकात चर्चने लग्नाआधी थॅलेसीमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी सक्तीची केली, आणि रुग्ण मुलांचे जन्म जवळपास थांबले. पण ते लग्ने मोडल्यामुळे थांबले नाहीत. फारच थोड्या जोडप्यांनी ठरलेले लग्न मोडले. बाकीच्यांनी लग्न केले आणि गर्भातल्या बाळाची तपासणी करून घेतली, कारण ती सोय हाताशी होती. चर्चला मिळणाऱ्या दाखल्यावर फक्त तपासणी झाल्याची नोंद असे, निष्कर्ष नसे. आपल्याकडे गर्भातल्या बाळाची अशी तपासणी मुंबईत होऊ लागून बराच काळ लोटला, पण धडगावच्या किंवा एटापल्लीच्या गरोदर बाईला ठरावीक आठवड्यांच्या आत तिथे पोहोचायचे तर मजुरी, प्रवास आणि मुक्काम यांचा हिशेब कोण करणार? सायप्रसचा दाखला द्यायचा तर त्यातले रुग्णालयही सोबत आणायला हवे.

इथे खर्चाचा आक्षेप येतो. एका रुग्णावर जन्मभर उपचार करण्यापेक्षा रुग्ण जन्मूच न देणे स्वस्त आहे. सल्ल्याला विरोध करणारे गरीब राज्याच्या तिजोरीचा विचार करत नाहीत, असे म्हणतात. त्याचा विचार करायला श्रीमंत देशाचे उदाहरण घेण्याची गरज नाही. जमैकात ग्रॅहम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 ते 1981 या काळात किंग्स्टनच्या प्रसूतिगृहात एक लाख नवजात बाळांचे रक्त तपासले आणि सुमारे तीनशे रुग्ण मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला. या मुलांत पानथरी एकाएकी फुगते, शरीरातले रक्त तिच्यात साचते आणि काही तासांत मूल दगावते. सर्जंट यांच्या गटाने आयांना शिकवले, की डाव्या बरगडीखाली बोटांनी चाचपून पानथरी कशी ओळखायची, आणि ती वाढलेली लागली तर लगेच दवाखान्यात यायचे. एवढ्याने अशा झटक्यांतले मृत्यू सुमारे एक-दशांशावर आले. यंत्र नाही, महाग औषध नाही. आईच्या बोटांना दिलेले ज्ञान होते, आणि धावत आल्यावर दार उघडे असणारा दवाखाना होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या, तेव्हाच जनजागृती या शब्दाला वजन आले.

आपल्याकडे तर यासाठीची पूर्वतयारी आयती होती. हिवतापाचे प्रमाण मोजण्यासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतभर मुलांच्या पानथऱ्या चाचपून सर्वेक्षणे होत. सरकारी माणसांची बोटे अशा कितीतरी गावांतल्या मुलांच्या बरगडीखाली जाऊन आली होती. ती विद्या आईच्या हातात द्यावी, असे मात्र कोणाला सुचले नाही. मोजणी वरच्या कचेरीसाठी होती.

पुजारी आणि भगताचा मुद्दा राहिला. उपचारासाठी लोक त्यांच्याकडे जातात हे खरे, आणि त्यात वेळ वाया जाऊन मुले दगावतात हेही खरे. पण गेल्या पन्नास वर्षांत त्याच मुलाला आधुनिक दवाखान्यातून काय मिळाले याचा हिशेब शेजारी मांडला, तर पुजाऱ्याला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे जड जाते. संधिवाताच्या गोळ्या देणारा डॉक्टर आणि अंगारा देणारा पुजारी, दोघांकडून मूल तितकेच आजारी परतत होते. पुजारी निदान जवळ होता.

हे चित्र ज्यांनी थोडेफार पालटले, ते बहुतांशी आजार घरात असलेले लोक होते. नागपुरात संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून रुग्ण आणि पालकांना संघटित केले. त्यांना 2018 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांचा आग्रह लग्न मोडण्यावर नव्हता. औषध, रक्त, शाळा, सवलती यांवर होता. सिकलसेल, थॅलेसीमिया आणि हिमोफिलिया हे तिन्ही रक्तविकार 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आले, त्यामागे अशा संघटनांचा रेटा आहे. थॅलेसीमियाच्या बाबतीत पालकांचे असे संघटन आधी घडले होते. उल्हासनगर किंवा नागपूरच्या सिंधी वस्त्यांत पालक शहरात होते, रक्तपेढी जवळ होती, चार पैसे होते, म्हणून त्यांचा आवाज लवकर पोहोचला. दोन्ही समाजांच्या जागरूकतेतला फरक बुद्धीचा किंवा शिक्षणाचा असण्यापेक्षा रक्तपेढीपासूनच्या अंतराचा होता असे मला वाटते. कायदा आला तरी अर्धाच हातात आला, हेही नोंदवले पाहिजे: सरकारी नोकरीतले चार टक्के आरक्षण ज्या दिव्यांगत्वांसाठी आहे, त्यांत रक्तविकार नाहीत.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. 17 राज्यांतल्या आदिवासीबहुल भागांत 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे त्याचे लक्ष्य आहे. एवढ्या मोठ्या प्रमाणावर या आजाराची दखल आधी कधी घेतली गेली नव्हती, आणि हायड्रॉक्सियुरिया खालच्या स्तरापर्यंत पोहोचवण्याची भाषाही त्यात आहे. तरी बातम्यांत ठळक येतात ते आकडे तपासण्यांचे आणि त्यांचे निष्कर्ष लिहून वाटलेल्या कार्डांचे. हायड्रॉक्सियुरियाची नेहमीची कॅप्सूल 500 मिलिग्रॅमची असते. दहा किलो वजनाच्या मुलाला दिवसाला 100 ते 200 मिलिग्रॅम लागते. ती कॅप्सूल फोडून त्या मुलाचा डोस कोण मोजून देणार, दर दोन-तीन महिन्यांनी पेशींची संख्या कुठे तपासणार, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर असताना पुढच्या महिन्याचे औषध गावात आधीच आलेले असेल का, हे त्या आईचे प्रश्न आहेत. आरोग्यसेविका या प्रश्नांची उत्तरे घेऊन दारात गेली, तर कार्डावर काय लिहिले आहे ते समजून घ्यायला आईच तिला बसवून घेईल.